पेरूच्या झाडावरचा ड्रायव्हर

लग्न होऊन मी हिंगोलीला आले त्याला जेमतेम अडीच महिने झाले होते. घरात आम्ही चौघं. सासरे, सासू, नवरा आणि मी. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्या.

मामा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर तीस वर्षं सायकलनं फिरलेला माणूस. पलीकडच्या शेतातल्या माणसाला 'तुझी पाळी संपली, दार लाव' असं या काठावरून ओरडून सांगायची सवय, त्यामुळं घरातही ते तेवढ्याच आवाजात मीठ मागायचे. माझ्याशी मात्र ते थेट बोलत नसत. राग वगैरे काही नव्हता. सासऱ्यानं सुनेशी कमी बोलावं, ही त्यांच्या वडिलांची रीत त्यांनी तशीच पुढं चालवलेली. "चहा झाला का इचारा बरं," असं ते भिंतीकडं बघून म्हणत. घरात आम्ही दोघंच असलो तरी तसंच म्हणत. मग मीही भिंतीलाच सांगायचे, "झाला म्हणावं."

नवरा गावातल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. त्याचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता आणि टेलिफोन समोरच्या खोलीत. इंटरनेट घ्यायचं ठरलं तेव्हा वायर दोन भिंतींतून न्यावी लागणार होती. पण घराला नवा रंग लागलेला. "माझ्या भिंतीला भोक पाडायचं न्हाई," असं मामांनी सांगितलं आणि विषय संपवला. म्हणून मग नवऱ्यानं वायरलेस आणलं. फोनजवळ एक पांढरा डबा, त्याला एक शिंग. आत कॉम्प्युटरच्या पाठीमागं बोटाएवढी काडी खोचलेली, तिच्यात हिरवा दिवा लुकलुकायचा. दोन्हींच्या मध्ये काहीच नाही. या 'काहीच नाही'चा मामांना फार अभिमान. कुणी पाहुणा आला की ते त्याला समोरच्या खोलीतून आतल्या खोलीत चालत न्यायचे आणि आत पोचल्यावर सांगायचे, "आता तुमी इंटरनेटमधून चालत आलात. काई जाणवलं का?" पाहुणा बिचारा अंग चाचपून न्हाई म्हणायचा. "तेच तर," मामा म्हणायचे.

श्रावण संपत आला होता. नवरा दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला औरंगाबादला गेला. जाताना त्यानं बॅग भरली, सगळ्यांचा निरोप घेतला आणि दारातून परत आत येऊन म्हणाला, "कॉम्प्युटरकडं लक्ष ठेवा." माणसांकडं लक्ष ठेवा असं काही म्हणाला नाही.

तो यायला दोन दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. गुरुवारची सकाळ. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. कॉम्प्युटर सुरू होताना एक सूर वाजतो, तो आतून ऐकू आला. मिनिटभरानं परत आला. मग परत. आवाज पार वर नेलेला असावा, कारण अंगणातून आत्यांनी विचारलं, "काय वाजून राहिलं आतमधी?"

"शिकून राहिलो," आतून मामांचा आवाज आला.

आणखी चार वेळा तो सूर वाजला. मग मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. कपाळावर घाम. त्यांनी भिंतीकडं बघितलं, तव्याकडं बघितलं आणि मग अडीच महिन्यांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघितलं.

"पोरी," ते अगदी हळू म्हणाले, "तू तो कॉम्प्युटरचा कोर्स केल्ता म्हणं."

मी तीन महिन्यांचा कोर्स केला होता. त्यात मला वाढदिवसाचं कार्ड बनवायला आणि मार्कांची बेरीज करायला शिकवलं होतं. पण ते मी त्यांना सांगितलं नाही. तवा खाली उतरवला आणि त्यांच्या मागं गेले.

घडलं होतं ते असं. कळमनुरीत मामांच्या एका मित्राचा फोटो स्टुडिओ होता. त्यानं आदल्या दिवशी जुनी भीमगीतं एका पेन ड्राइव्हवर भरून दिली होती. मामांनी तो पेन ड्राइव्ह लावला. आत 'न्यू फोल्डर' नावाचं पिवळं पाकीट दिसलं. त्यांनी ते उघडलं, तर आत आणखी एक 'न्यू फोल्डर'. ते उघडलं, तर आणखी एक.

"मंग तुमी काय केलं?"

"उघडत गेलो. मला वाटलं गाणे लई खोल ठिवलेत त्यानं."

किती पाकिटं उघडली विचारलं तर म्हणाले, चाळीसेक. पाकिटं नव्हतीच ती. दर वेळी त्यांनी स्वतःच्या हातानं व्हायरसला दार उघडून दिलं होतं. आता कॉम्प्युटर सुरू व्हायचा, तो सूर वाजवायचा, पडद्यावर इंग्रजी पाट्यांची रास पडायची आणि परत बंद पडायचा.

"त्याला कळू द्यायचं न्हाई," मामा म्हणाले. त्याला म्हणजे त्यांच्या मुलाला. "आन् हिला तर बिलकुलच न्हाई." हिला म्हणजे आत्यांना. नवऱ्यानं रागावलेलं त्यांना चाललं असतं. पण आत्यांनी हसलेलं त्यांना सोसलं नसतं, हे मला नंतर कळलं.

आत्या दुपारी दळण घेऊन गिरणीवर गेल्या तेव्हा मामा सायकलवरून बसस्टँडमागच्या गल्लीतल्या मेकॅनिकला घेऊन आले. मेकॅनिक पन्नाशीचा होता. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. त्यानं कॉम्प्युटरवर हात ठेवला, जसा तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"पूरा खा गया, चाचा. फॉरमॅट मारना पडता."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळं पुसायचं आन् नवं बसवायचं."

मामा खुर्चीवर बसले. "त्याच्या नोटा हायेत आत. साऱ्या वर्षाच्या."

मेकॅनिकनं बघितलं. नोट्स दुसऱ्या कप्प्यात होत्या, त्यांना धक्का लागणार नव्हता. मामांनी एवढा मोठा श्वास सोडला की कॅलेंडरचं पान हललं. तासाभरात त्यानं जुनं सगळं पुसलं, नवं बसवलं, आवाज आला, चित्रं आली. आत्या यायच्या आत तो निघूनही गेला. आम्ही दोघं दारात उभं राहून एकमेकांकडं बघून पहिल्यांदाच हसलो. मग मी आत येऊन सहज बघितलं, तर पाठीमागच्या काडीतला हिरवा दिवा बंद होता.

इंटरनेट गेलं होतं.

मामांनी मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, त्या काडीचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, गेलाय, काडीसोबत सीडी आली असंल ती लावा. मामांना सगळं ओरडून बोलायची सवय. ते फोनमध्ये म्हणाले, "ड्रायव्हर गेला? मंग आता ड्रायव्हरशिवाय कसं चालंल?" आणि नेमक्या त्याच वेळी आत्या पिठाचा डबा घेऊन दारातून आत आल्या.

"कुठं जायचं हाय?" आत्यांनी विचारलं.

मामांनी फोन खाली ठेवला.

"ड्रायव्हर पाहिजे तर माझ्या भावाच्या पोराला सांगते. त्याची जीप रिकामीच हाय."

"न्हाई, जायाचं न्हाई कुठं," मामा म्हणाले.

"मंग ड्रायव्हर काहून पाहिजे?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाले आणि पिठाच्या डब्यावर डोकं टेकून हसत राहिले.

रात्री जेवताना आत्यांनी आणखी दोनदा जिपेचं विचारलं.

शुक्रवारी सकाळपासून आम्ही ती सीडी शोधत होतो. आत्या या खोलीत आल्या की आम्ही त्या खोलीत. मी कपाट लावायचं सोंग केलं, मामांनी पेन्शनचे कागद शोधायचं. सीडी काही सापडेना. शेवटी मी दमून मागच्या अंगणात आले, आणि उन्हाची एक तिरीप डोळ्यांवर आली. वर बघितलं. पेरूच्या झाडाला पाडाला आलेले पेरू होते, आणि त्यांच्यामध्ये दोऱ्यानं बांधलेल्या सात सीड्या वाऱ्यावर गरगर फिरत होत्या. राघूंनी पेरू खाऊ नयेत म्हणून आत्यांनी घरातल्या 'रिकाम्या आरशांचा' हा उपयोग केला होता.

मी आत जाऊन मामांना नुसतं बोट दाखवलं. ते खिडकीतून बराच वेळ वर बघत राहिले.

"ड्रायव्हर झाडावर हाय," ते म्हणाले.

दुपारी आत्या विहारात गेल्या. वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू होतं आणि त्यानंतर बायकांची बैठक. म्हणजे चार वाजेपर्यंत घर आमचं. मामांनी शिडी आणली. त्यांच्या गुडघ्यांना शिडी चढायची तकलीफ, म्हणून मी कासोटा मारून वर चढले आणि सासऱ्यांनी शिडी धरली. बुधवारपर्यंत ज्या माणसाशी मी भिंतीमार्फत बोलत होते, तो आता खालून मला ओरडून सांगत होता, "उजव्या हाताला, पोरी. अजून वर. पेरू तोडू नको, ती मोजती."

शेजारच्या काकू कपडे वाळत घालायला बाहेर आल्या आणि तशाच थांबल्या.

"राघू झालेत लई," मामांनी त्यांना सांगितलं.

सातही सीड्या खाली आल्या. एक लग्नाची होती, एक कुणाच्या तरी भाषणाची, दोन कोऱ्या, एक फुटकी, एकीवर चिमण्यांनी शिटून ठेवलेलं. सातवीवर पुसट अक्षरात काडीचं नाव सापडलं. आम्ही ती भांड्यांच्या साबणानं धुतली आणि मामांच्या स्वच्छ बनियननं पुसली. पण दोन महिने पाऊस आणि ऊन खाऊन तिच्यावर ओरखडे पडले होते. ड्राइव्हमध्ये घातली तर आतून गिरणीसारखा आवाज आला, निळी पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली आणि थांबली. मामा म्हणाले, दात घासायची पेस्ट लावून बघू. स्टुडिओवाल्या मित्रानंच कधीतरी सांगितलं होतं म्हणे. पेस्ट लावली, धुतली, परत घातली. या खेपेला पट्टी जराशी जास्त पुढं गेली आणि परत थांबली. खोलीला मात्र पुदिन्याचा वास सुटला.

आम्ही दोघं जमिनीवर बसलो. तीन वाजून गेले होते. चारला लाइट जायची. आठवडाभर तसंच वेळापत्रक होतं.

ड्रायव्हर इंटरनेटवर मिळतो, एवढं मला ठाऊक होतं. पण इंटरनेट यायला ड्रायव्हर पाहिजे आणि ड्रायव्हर यायला इंटरनेट पाहिजे. गावात जाऊन सायबर कॅफेतून पेन ड्राइव्हवर आणावा म्हटलं, तर पेन ड्राइव्ह हा शब्द काढताच मामांनी कानांवर हात ठेवले.

मी त्यांना हा गुंता समजावून सांगितला. पांढऱ्या डब्यापर्यंत इंटरनेट आलेलं आहे, आपल्याकडं येत नाही. मामांनी थोडा विचार केला.

"गाय वासराकडं येत नसंल," ते म्हणाले, "तर वासरू गायीकडं नेतात."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. त्या पांढऱ्या डब्याच्या खोक्यात एक हातभर पिवळी वायर होती, कधीच न वापरलेली. ती एका टोकाला डब्यात आणि दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरमध्ये बसते, हे मी कोर्समध्ये पाहिलं होतं. कुठं भिंतीला भोक पाडायचं नव्हतं की काही नव्हतं. नुसता कॉम्प्युटर उचलून न्यायचा होता.

मग आमची धांदल उडाली. मामांनी खालचा मोठा डबा उचलला, मी जुना पाठीकडून फुगलेला मॉनिटर. तो एवढा जड की दारात मी अडकले आणि मला हसू फुटलं. माझं हसू बघून मामांना फुटलं. त्यांच्या हातात डबा, डोळ्यांत पाणी, आणि ते म्हणत होते, "हसू नको, मी टाकीन हे." समोरच्या खोलीत चटईवर सगळं मांडलं, वायर लावली. इंटरनेट आलं. काडीच्या पाठीवरचा नंबर मामांनी चष्मा कपाळावर चढवून वाचून दाखवला, मी टाइप केला, ड्रायव्हर सापडला. उतरायला लागला. पडद्यावर आलं, राहिलेला वेळ बावीस मिनिटं. घड्याळात तीन पस्तीस.

मामा मांडी घालून पट्टीसमोर बसले. कालव्याला पाणी सोडल्यावर शेवटच्या शेतापर्यंत कधी पोचतंय ते बघत बसायचे तसेच बसले असावेत. मध्येच पट्टी थांबली की ते श्वास रोखायचे. तीन सत्तावन्नला ड्रायव्हर पूर्ण उतरला. मी तो जपून ठेवला आणि कॉम्प्युटर बंद करत होते, तोच लाइट गेली आणि दारात आत्या उभ्या होत्या. सोबत विहारातल्या दोन बायका.

चटईवर मॉनिटर, वायरी, की-बोर्ड. माझा पदर खोचलेला. मामांच्या मांडीवर एक ओली सीडी.

"हे काय?" आत्यांनी विचारलं.

"हवा लावून राहिलो," मामा म्हणाले. "आतल्या खोलीत दमट झालंय."

बायका व्हय व्हय म्हणाल्या. त्यांच्याही घरी पावसाळ्यात गाद्यांना वास येतो म्हणे. आत्यांची नजर त्या ओल्या सीडीवर होती. मी चहा केला, त्यांनी प्यायला, बायका गेल्या. मग आत्या मागच्या अंगणात गेल्या, परत आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "माझे आरसे कुठं गेले?"

साडेसहाला लाइट आली. तोवर आम्ही सगळं आतल्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. मी ड्रायव्हर बसवला, काडी खोचली आणि हिरवा दिवा लुकलुकला. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला आणि पटकन काढून घेतला, जणू चटका बसला. मग पडद्यावर एक चौकट आली आणि तिनं पासवर्ड मागितला.

पांढऱ्या डब्याचा हा पासवर्ड नवऱ्यानं टाकलेला. आम्ही घराचा नंबर टाकला. मामांच्या सायकलचा टाकला. कॉलेजचं नाव टाकलं. काही चालेना. नवऱ्याला फोन करून विचारावं तर सगळंच उघडं पडणार.

"अवो, शेळीचं नाव टाका," मागून आवाज आला.

आत्या दारात उभ्या होत्या. हातात पेरूची फोड.

"कोणती शेळी?" मी विचारलं.

"त्यो चौथीत असताना पाळली होती त्यानं. बाजारात नेली तवा दोन दिवस जेवला न्हवता. डबा बसवला त्या दिशी मला सांगून हसत होता, आई, तिचं नाव ठिवलं म्हणून."

मामांनी मान खाली घातली. "तुला कवाधरनं माहीत हाय हे?"

"काल सकाळपासून. तुमी कधी एवढं हळू बोलता का? तवाच कळलं, काई तरी मोडलं म्हणून." मग त्या माझ्याकडं वळल्या. "आन् तू शिडीवर चढलीस ते शेजारीणबाईनं विहारात येऊन सांगितलं."

त्यांनी शेळीचं नाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही, कारण पासवर्ड अजून तोच आहे. पण ते इंग्रजीत कसं लिहायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एक ई की दोन? शेवटी वाय की आय? आम्ही तिघं एका पडद्यासमोर डोकी घालून बसलो. आत्या चौथी शिकलेल्या, इंग्रजी अक्षर एकही न ओळखणाऱ्या, पण त्या नाव पुन्हापुन्हा उच्चारून दाखवत होत्या, शेळीला हाक मारावी तशी, शेवटचं अक्षर लांब ओढून. "असं म्हणायचा त्यो. लांब." मी दोन ई टाकले. चौकट गेली. पांढरं पान उघडलं.

त्यानंतर पाचेक मिनिटं आम्ही काही शोधलं नाही की बघितलं नाही. नुसते हसत होतो. आत्या तर पलंगावर बसून पोट धरून हसल्या, आणि मामा, ज्यांना हेच हसणं सोसणार नव्हतं, तेच सगळ्यांत मोठ्यानं हसत होते.

शनिवारी दुपारी नवरा आला. पाणी प्यायला आणि सरळ आतल्या खोलीत गेला. आम्ही तिघं बाहेर कान देऊन बसलो. तो सूर वाजला. माऊसची टिकटिक ऐकू आली. मग त्यानं विचारलं, "कॉम्प्युटरला कुणी हात लावला होता का?"

"मी न्हाई," मामा म्हणाले.

"मग माझ्या नोट्स अशा काहून दिसून राहिल्या?"

आम्ही आत गेलो. नोट्स होत्या सगळ्या, पण मराठीचं एकही अक्षर नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं, ओळींमागून ओळी. नोट्स ज्या मराठी अक्षरवळणात, म्हणजे फॉन्टमध्ये, टाइप केलेल्या होत्या, ते वळण फॉरमॅटमध्ये पुसलं गेलं होतं, आणि ते आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मामांनी पडद्याकडं वाकून बघितलं. "हे इंग्रजीत कवा लिहिलंस?" त्यांनी विचारलं, आणि आत्या परत पलंगावर बसल्या.

मग सांगावंच लागलं. मामांनी सगळं कबूल केलं, चाळीस पाकिटांसकट, अगदी कालव्यावरच्या आवाजात. नवरा आधी कपाळाला हात लावून ऐकत होता. शिडीवर सून चढली हे ऐकून त्यानं माझ्याकडं बघितलं. पुढचं त्याला ऐकू आलं का नाही कुणास ठाऊक, कारण तोही हसायला लागला होता.

अक्षरवळण त्याला संध्याकाळी इंटरनेटवरच सापडलं. नोट्स परत मराठीत आल्या. मात्र हे वळण जरा वेगळं निघालं, त्यात 'क्ष' नव्हता. जिथं जिथं 'क्ष' होता तिथं एक रिकामा चौकोन आला. अर्थशास्त्रात कृषी क्षेत्र, उद्योग क्षेत्र, सेवा क्षेत्र असं पानोपानी लिहिलेलं असतं. दुरुस्त करतो, करतो म्हणत नवऱ्यानं ते केलं नाही आणि नोट्सच्या झेरॉक्स तशाच मुलांत वाटल्या गेल्या. सहामाही परीक्षेचे पेपर तपासताना एका मुलाच्या उत्तरात त्याला पट्टीनं आखलेले नीटनेटके चौकोन सापडले, प्रत्येक 'क्ष'च्या जागी एक. त्यानं तो पेपर घरी आणून आम्हाला दाखवला. उत्तर बराबर होतं. त्यानं पूर्ण मार्क दिले.